‘थांबा, बोलेल’ असे म्हणू नका

अभ्यासपाठ : स्वमग्न बालके आणि लवकर सुरू केलेली स्पीच थेरपी
शास्त्रभाग : मार्क ७:३१–३७, निर्गम ४:१०–१६



या तिमाहीचा अभ्यासपाठ मी एका कबुलीने सुरू करते. कबुली माझ्या एका वाक्याची आहे. ते वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी कोणत्या ना कोणत्या आईला सांगितले असेल, म्हणून ती येथे लिहीत आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील एका पाड्यावर आमचे काम चालते. तेथील एका विश्वासी कुटुंबातील मुलगा दीड वर्षाचा होता. एके दिवशी सकाळी त्याची आई त्याला कडेवर घेऊन आली. म्हणाली, “ताई, हा हाक मारली तरी बघत नाही. आधी दोन-तीन शब्द बोलायचा, आता तेही बंद झाले.” मी मुलाकडे पाहिले. अंगाने चांगला, लसी सगळ्या झालेल्या, अंगणवाडीच्या तक्त्यात वजन हिरव्या पट्ट्यात. आईने खाली ठेवताच तो अंगणात आडव्या पडलेल्या सायकलीपाशी गेला आणि तिचे चाक फिरवीत बसला. मी म्हणाले, “अगं, मुलगे उशिराच बोलतात. धीर धर. आपण प्रार्थना करू.” त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी प्रार्थना केली आणि तिला घरी पाठवले.

मला नंतर कळले की त्याच आठवड्यात आजी त्याला भगताकडे घेऊन गेली होती. आजी अजून विश्वासात आलेली नव्हती. भगताने गळ्यात दोरा बांधला आणि सांगितले, “थांबा, बोलेल.” मीही तेच सांगितले होते. त्या आईच्या दृष्टीने भगताच्या आणि माझ्या सल्ल्यात काय फरक होता?

पुढे दीड वर्ष गेले. मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा अंगणवाडीत तपासणीला आलेल्या सरकारी पथकाच्या डॉक्टरांनी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. सोबत मी गेले. तपासणीनंतर तेथे स्वमग्नता असे निदान झाले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “आधी कोणालाच शंका आली नव्हती का?” आईने माझ्याकडे पाहिले आणि खाली मान घातली. ती काहीच बोलली नाही. शंका तिला आलीच होती, ती बोललीही होती. थांबवले होते ते मी.

त्या दिवसापासून मी या विषयाचा अभ्यास करू लागले. जे शिकले ते आज आपल्यापुढे ठेवते.

स्वमग्नता म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात त्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा आजार नव्हे. मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने होते. अशा बालकाला इतरांशी संवाद साधणे, नजरेला नजर देणे, खुणा समजणे अवघड जाते. तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा करणे, वस्तू ओळीत लावणे, ठरलेला क्रम बदलला की फार अस्वस्थ होणे, मोठा आवाज किंवा विशिष्ट स्पर्श सहन न होणे, अशा गोष्टीही दिसतात. प्रत्येक मूल वेगळे असते. काही मुले भरपूर बोलतात, पण संभाषण करू शकत नाहीत. काही मुले बोलतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात साधारण शंभर ते सव्वाशे मुलांमागे एक मूल स्वमग्न असते. म्हणजे चार-पाच पाड्यांच्या एका गटात असे एखादे मूल असणे मुळीच नवलाचे नाही. ते आपल्याला दिसले नसेल, तर बहुधा आपण त्याला ‘मुका’, ‘हट्टी’ किंवा ‘वेडसर’ असे दुसरे काही नाव दिलेले आहे.

कारणांविषयी चार गोष्टी स्पष्ट सांगते, कारण याच कारणांच्या मागे लागून घरे वेळ घालवतात. पहिली, हा आईचा दोष नाही. १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचे निरीक्षण करून या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर बरीच वर्षे आईच्या थंडपणामुळे असे होते असे समजले जाई. तो समज पूर्ण चुकीचा ठरला आहे. दुसरी, लसीमुळे स्वमग्नता येत नाही. तसा दावा करणारा १९९८ सालचा लेख ज्या नियतकालिकाने छापला त्यानेच तो २०१० साली मागे घेतला. म्हणून या भीतीने कोणीही बाळाची लस चुकवू नये. तिसरी, स्वमग्न बालक बोलत नाही ते जीभ चिकटलेली असते म्हणून नव्हे. जिभेखाली काप देऊन संवाद येत नाही. चौथी, हे कोणाच्या पापाचे फळ नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने असा हिशेब मांडण्यास नकार दिला. तो प्रसंग योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. आपल्या पाड्यावरच्या आईला तो जरूर वाचून दाखवावा.

कोणत्या खुणा पाहाव्यात?

या खुणा आपल्या सर्व सेविकांनी, शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आणि महिला मंडळाने पाठ कराव्यात अशी माझी विनंती आहे.

• एक वर्षाचे होऊनही बाळ ‘बाबा, दादा’ असे बोबडे आवाज काढत नाही, बोट दाखवत नाही, हात हलवून ‘टाटा’ करत नाही.
• नावाने हाक मारली तरी वारंवार वळून पाहत नाही.
• सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही.
• दोन वर्षे झाली तरी स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नाही. ऐकलेले जसेच्या तसे म्हणणे यात धरू नये.
• कोणत्याही वयात आलेले शब्द किंवा खुणा नाहीशा होणे.

शेवटची खूण सर्वांत महत्त्वाची. ‘बोलायचा, आता बंद झाला’ असे आई म्हणाली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्यावे. मला त्या आईने नेमके हेच सांगितले होते.

यांपैकी एखादी खूण दिसली म्हणजे मूल स्वमग्नच आहे असे नाही. काही मुले खरोखर उशिरा बोलतात. काहींना ऐकू कमी येते. म्हणून पहिली पायरी कानांच्या तपासणीची असते. लहान बाळाच्या कानांची तपासणी ते झोपलेले असतानाही यंत्राने करता येते. पण तपासणी आणि अंतिम निदान होईपर्यंत घरी हात बांधून बसू नये. बोलणे खुलवण्याचा जो घरगुती अभ्यास आहे तो कोणत्याही मुलाला अपाय करत नाही. मूल पुढे आपोआप बोलू लागले तर आपले काही गेले नाही. ते स्वमग्न निघाले तर मोलाचे महिने हाती लागले. थांबण्यात मात्र तोटाच आहे.

आता शास्त्रभागाकडे वळू. बहिऱ्या-तोतऱ्या माणसाची गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. तो माणूस स्वमग्न होता असे मी म्हणत नाही. प्रार्थनेने सर्व स्वमग्न मुले बोलू लागतील असा अर्थही मी त्यातून काढत नाही. पण प्रभू त्या माणसाशी कसा वागला हे निरखून पाहा. त्यात मला चार पायऱ्या दिसतात, आणि स्पीच थेरपी शिकवणाऱ्या ताईंनी आम्हांला ज्या गोष्टी सांगितल्या त्याही ह्याच चार होत्या.

१. कोणीतरी त्याला आणले

तो माणूस स्वतः आला नाही. तो विनवणी करू शकत नव्हता. लोकांनी त्याला आणले आणि त्याच्या वतीने विनवणी केली. दीड वर्षाचे बालकही स्वतःहून येणार नाही. आणणे हे आपले काम आहे, आणि लवकर आणणे हे अधिक महत्त्वाचे काम आहे.

लवकर का? पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ अतिशय वेगाने होते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचे आकारमान मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण नव्वद टक्के झालेले असते. याच काळात मेंदूत भाषेच्या वाटा पडतात. रानातली पायवाट जशी रोजच्या चालण्याने पडते, तशी संवादाची वाट रोजच्या देवाणघेवाणीने पडते. स्वमग्न बालक लोकांच्या चेहऱ्यांकडे कमी पाहते, म्हणून त्याला ही देवाणघेवाण कमी मिळते. ती कमी मिळाली की ते आणखी मागे राहते. लवकर सुरुवात करायची ती हे चक्र वाढण्यापूर्वी. याचा अर्थ पाच वर्षांनंतर दार बंद होते असा नाही. मोठी मुलेही शिकतात. पण रोपट्याला आधार देणे आणि वाढलेल्या झाडाला आधार देणे यांत किती फरक असतो हे आपल्या शेतकरी बांधवांना मी सांगायला नको.

२. प्रभूने त्याला गर्दीपासून बाजूला नेले

हे वाक्य वाचताना मी पूर्वी थांबत नसे. आता थांबते. ज्याला आवाजांचा आणि माणसांचा गोंधळ समजत नाही, त्याच्यासाठी गर्दी म्हणजे त्रास. स्वमग्न बालकाशी बोलायचे तर प्रथम शांत जागा हवी. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला, एका वेळी एकच माणूस. त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीवर बसावे. मागून किंवा वरून बोलू नये. आपला चेहरा त्याला दिसला पाहिजे.

मोबाइलविषयी एक शब्द. आता पाड्यापाड्यांवर मोबाइल पोचला आहे, आणि न बोलणारे मूल मोबाइल दिला की शांत बसते. मोबाइलमुळे स्वमग्नता येते असे नाही. पण मोबाइल मुलाला उत्तर देत नाही, त्याची वाट पाहत नाही. जेवढा वेळ मूल त्यात जाते तेवढा वेळ माणसांशी देवाणघेवाण होत नाही.

३. शब्दाआधी स्पर्श आणि खूण

ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी प्रभूने आधी बोटांनी आणि स्पर्शाने संवाद केला. कान, जीभ, मग वर आकाशाकडे पाहणे. काय होणार आहे हे त्या माणसाला समजेल अशा रीतीने प्रभूने दाखवले. शब्द शेवटी आला.

स्पीच थेरपीबद्दल आपला मोठा गैरसमज येथे आहे. आपल्याला वाटते की तेथे ‘म्हण, आई म्हण’ असे घोकून घेत असतील. खरे तर ती शब्दांच्या पुष्कळ आधी सुरू होते. नजर, बोट दाखवणे, आळीपाळीने खेळणे, नक्कल करणे, हवे ते मागणे हा पाया आहे. शब्द त्यावरची भिंत आहे. म्हणूनच दीड वर्षाच्या, एकही शब्द न बोलणाऱ्या बाळालाही ही थेरपी देता येते.

आम्ही त्या मुलासाठी काय केले ते सांगते. त्याला चाके आवडत. ताई म्हणाल्या, चाक हिसकावू नका, तुम्हीही त्याच्याशेजारी बसून चाक फिरवा. आईने तसे केले. तो फिरवी, मग ती फिरवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मुद्दाम थांबली. त्याने चाकाकडे पाहिले, मग तिच्या हाताकडे, मग क्षणभर तिच्या तोंडाकडे. ती नजर म्हणजे ‘आता तू’ असे म्हणणे होते. त्याचा पहिला संवाद तोच.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्याला तहान लागली की तो रडे आणि आई लगेच पाणी पाजी. ताईंनी सांगितले की तांब्या त्याला दिसेल, पण हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. तो ओढील तेव्हा पाण्याचा शब्द एकदा म्हणा आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजा. त्याने हात केला, पाहिले, कसलाही आवाज काढला तरी लगेच घोटभर पाणी द्या. पुन्हा तेच. तहानेल्या लेकराला ताटकळत ठेवायचे नाही, रडवायचे नाही. फक्त त्याला मागण्याची संधी द्यायची. ‘थांबा’ हा शब्द चांगला असलाच तर तो येथे आहे. आई दहा अंक थांबते ते मुलाच्या उत्तरासाठी.

४. एकच शब्द, मातृभाषेत

मार्काने आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले, पण प्रभूने उच्चारलेला तो शब्द त्याने अरामी भाषेतच जपून ठेवला आणि त्याचा अर्थ वेगळा सांगितला. एक छोटा शब्द, घरात बोलली जाणारी भाषा.

आमच्याकडे घरात मावची, भिली, पावरी, कोकणी अशा बोली आणि अंगणवाडीत मराठी. गुजरातेत कामाला गेले की गुजराती. मूल बोलत नाही असे दिसले की काही शिकलेली माणसे आईला सांगतात, “घरात बोली बोलू नका, मराठीच बोला, मूल गोंधळते.” हा सल्ला चुकीचा आहे. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही आणि वाढतही नाही, असेच संशोधनातून दिसून आले आहे. उलट ज्या भाषेत आई लाड करते, रागावते, गाते, ती काढून घेतली तर घरात मुलाशी होणारे बोलणेच आटते. आईला जी भाषा सहज येते तीच थेरपीची भाषा.

आणि शब्द थोडे. ‘अरे बाळा, तुला भूक लागली असेल ना, चल भाकर खाऊ’ एवढे लांब वाक्य त्याच्या हाती लागत नाही. भाकरीचा तुकडा डोळ्यांसमोर धरून ‘भाकर’ एवढेच म्हणावे. तो ‘भाकर’ म्हणू लागला की आपण ‘भाकर दे’ म्हणावे. त्याच्यापेक्षा एकच पाऊल पुढे. ‘हे काय? ते काय? सांग ना!’ अशी परीक्षा घेऊ नये. ओळखीचे गाणे गाताना शेवटचा शब्द सोडून थांबावे, म्हणजे तो भरायला त्याला जागा मिळते. ऐकलेले वाक्य तो पोपटासारखे म्हणू लागला तर त्याला दटावू नये. पुष्कळ वेळा त्या वाक्यामागे त्याला काही सांगायचे असते.

अहरोन कोणाचे तोंड झाला?

प्रश्न राहतो तो न बोलणाऱ्या मुलांचा. लवकर सुरुवात करूनही काही स्वमग्न मुलांना तोंडाने बोलणे फारसे जमत नाही. ही गोष्ट आईबापांपासून लपवू नये आणि तिचे खापर त्यांच्या विश्वासावर फोडू नये.

मोशेने देवाला सांगितले की मला नीट बोलता येत नाही. देवाने त्याची जीभ त्या क्षणी बदलली असे शास्त्र सांगत नाही. देवाने अहरोनाला त्याचे तोंड म्हणून दिले, आणि मोशे पुढारी झालाच. चित्रांचे पत्ते, हातांच्या खुणा, मोबाइलमधील बोलणारी चित्रे ही आजच्या मुलांसाठी अहरोनासारखी आहेत. चित्रे दिली तर मूल आळशी होऊन बोलणार नाही, अशी भीती घरच्यांना वाटते. अभ्यासांतून तसे दिसत नाही. पुष्कळ मुलांत चित्रांमुळे उलट बोलण्यास मदतच होते. आम्ही तांब्या, भाकर, आई, झोप आणि ‘नको’ अशी पाच चित्रे पुठ्ठ्यावर काढली. त्यांतले ‘नको’ सर्वांत उपयोगी पडले. ज्याला ‘नको’ सांगता येते त्याला डोके आपटावे लागत नाही.

घर हेच केंद्र

थेरपिस्ट आठवड्यातून अर्धा तास मिळाला तर वर्षाचे होतात २६ तास. आमच्या भागात तर महिन्यातून एक फेरी होणेही कठीण. आई मात्र रोज जवळ असते. म्हणून तज्ज्ञाचे खरे काम आईबापांना शिकवणे हे आहे.

हे केवळ माझे मत नव्हे. गोव्यात ‘संगत’ या संस्थेच्या सहभागाने आणि पाकिस्तानात रावळपिंडी येथे २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांबरोबर एक अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेथे घरोघरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. आईबाप मुलाशी खेळत असताना ते चित्रीकरण करीत आणि मग सोबत बसून ते पाहत, की मुलाने कुठे पुढाकार घेतला आणि पालकाने कुठे प्रतिसाद दिला. ज्या घरांत हे झाले तेथे पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. आपल्या सेविकांना जमण्यासारखे हे काम आहे.

आमच्या मुलाची परीक्षा दिवाळीनंतर आली. मुकादमाची उचल घेतलेली होती आणि कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत निघाले. मला वाटले, सगळे संपले. ताई म्हणाल्या, “नाही, तिकडेही तहान लागतेच ना?” आईला आम्ही तीनच गोष्टी दिल्या. पाणी देताना थांबायचे, गाडीचे चाक आळीपाळीने फिरवायचे, झोपताना एकच गाणे गायचे आणि शेवटचा शब्द सोडायचा. दिवसभर ऊस तोडून, मोळ्या वाहून आलेल्या बाईने रात्री हे केले. होळीला ते परतले तेव्हा ती मला भेटायला आली. मुलाने कोपऱ्यातल्या हंड्याकडे बोट केले, तिच्याकडे पाहिले, आणि पाण्याच्या त्यांच्या बोलीतल्या शब्दाचा पहिला भाग उच्चारला. अर्धाच शब्द. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आज तो पावणेसहा वर्षांचा आहे. वीस-पंचवीस शब्द आहेत, चित्रे आहेत. ढोल वाजला की तो अजूनही कान झाकून बाहेर पळतो. गेलेल्या दीड वर्षाने त्याचे किती नुकसान झाले हे कोणी मोजून सांगू शकत नाही. मी देवाजवळ आणि त्या आईजवळ क्षमा मागितली. ती म्हणाली, “ताई, दुसऱ्या कोणाला असे सांगू नका.” हा लेख तिच्या त्या शब्दामुळे लिहिला आहे.

मंडळीने काय करावे?

सरकारी वाट आधी ओळखावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि त्याचा आरंभ पालघर येथेच, आपल्या आदिवासी भागात झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. त्यांत विकासातील विलंबही येतो. ज्या मुलांना पुढील तपासणी हवी त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, त्याला सगळे ‘डीईआयसी’ म्हणतात. पथक येण्याच्या दिवशी मूल हजर राहील हे पाहणे एवढे एक काम मंडळीने घेतले तरी पुष्कळ होईल. पथकाला अवकाश असेल तर वाट न पाहता आशाताईंच्या मदतीने थेट जिल्हा रुग्णालयात जावे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण या विषयांतच काम करते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळू शकते आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. कागदपत्रे भरणे आमच्या भागातील आईबापांना अवघड जाते. शिकलेल्या तरुण संघाने हे काम घ्यावे.

तसेच सावध असावे. मूलपेशींचे महागडे उपचार करून मूल बरे करून देतो असे सांगणारी माणसे भेटतात. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस नसल्याचे स्पष्ट केले आहे. यासाठी जमीन गहाण टाकू नये, बैल विकू नये.

आणि उपासनेत जागा करावी. आमच्या मंडळीने आता दाराजवळची चटई त्या मुलासाठी आणि त्याच्या आईसाठी ठेवली आहे. तो उठून बाहेर गेला तर कोणी वळून पाहत नाही. ढोलाच्या आधी एक भाऊ त्याला खूण करतो, म्हणजे तो तयार असतो. पूर्वी ती आई घरीच राहत असे.

प्रार्थना सोडावी असे मी सांगत नाही. मी आजही त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करते. पण आता प्रार्थना संपली की आम्ही उठून एसटी पकडतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. मार्क ७ मध्ये त्या माणसाला आणणारे लोक कोण असावेत? आपल्या मंडळीत हे काम आज कोण करते?
२. ‘धीर धरा’ हा सल्ला केव्हा विश्वासाचा असतो आणि केव्हा आपल्या अज्ञानाचा?
३. आपल्या गावात किंवा पाड्यावर पाच वर्षांखालील किती मुले वयाप्रमाणे बोलत नाहीत? पुढील महिन्यात दोघादोघांनी घरोघरी जाऊन आईंना विचारावे.
४. आपल्या उपासनेत आवाज, गर्दी किंवा लोकांच्या नजरा यांमुळे कोणते कुटुंब येण्याचे टाळते?

प्रार्थनेचे विषय

• ज्या आईंना शंका आली आहे, पण ज्यांचे कोणी ऐकले नाही त्यांच्यासाठी.
• अंगणवाडी सेविका, आशाताई, फिरत्या पथकांतील डॉक्टर आणि जिल्हा केंद्रातील थेरपिस्ट यांच्यासाठी.
• ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील दिव्यांग बालकांसाठी.
• आपल्या तरुणांपैकी काहींना वाचा आणि श्रवण या विषयाचे शिक्षण घेऊन आपल्याच बोलींत सेवा करण्याचे पाचारण व्हावे म्हणून.

प्रभूच्या सेवेतील,
आपली बहीण